सकाळी गप्प, दुपारी घुर्रर्र: इलेक्ट्रिक गाडीच्या एसीचा आवाज

मे महिन्यातली दुपार, अडीच वाजलेले. ग्वाल्हेरात कंपूहून मुरारला जायचं होतं आणि गाडी दोन तास उन्हात उभी होती. एसी लावला. अर्ध्या मिनिटात बॉनेटखालून असा आवाज सुरू झाला, जणू आत कुणी पिठाची गिरणी मांडलीय. मागच्या सीटवर माझे सासरे बसले होते. नानांनी आयुष्यभर गाणं शिकवलं, त्यामुळे गोंगाटातसुद्धा त्यांना आधी सूर ऐकू येतो. म्हणाले, "अगं, हा षड्ज वर सरकतोय."

"नाना, षड्ज अचल असतो असं तुम्हीच सांगता."

"म्हणून तर म्हणतोय, काहीतरी बिघडलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. एसी लावला. गारेगार आणि गप्प. सर्व्हिस ॲडव्हायझरने कान लावला, मान हलवली, "मैडम, ये तो एकदम नॉर्मल है." जॉब कार्डावर लिहिलं, आवाज आढळला नाही. त्याच दुपारी गोले का मंदिरच्या चौकात गिरणी पुन्हा सुरू.

ही गाडी घेऊन तीन उन्हाळे झाले आणि तिन्ही उन्हाळ्यांत एसी ओरडला, दर वेळी निराळ्या कारणाने. यातून जे कळलं ते आधीच सांगून टाकते. आवाज उन्हात येतो, तर तो उन्हातच पकडायचा. आणि काय बिघडलंय हे शोधायच्या आधी एसी त्या घडीला कुणाला थंड करतोय ते ठरवायचं, तुम्हाला की बॅटरीला. हे दोन प्रश्न सुटले की निम्मं काम झालं. मी पहिली दोन वर्षं दोन्ही विचारले नाहीत.

पेट्रोल गाडीत हा आवाज का नव्हता

होता. इंजिन त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलायचं, एवढंच. तिथला कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालतो, इंजिन फिरेल त्या प्रमाणात तोही फिरतो. इलेक्ट्रिक गाडीत पट्टा नाही. कॉम्प्रेसरच्या पोटातच मोटर असते, ती मुख्य बॅटरीच्या हाय व्होल्टेजवर चालते आणि गाडी सिग्नलला उभी असली तरी हवी तेवढी पळू शकते. मिनिटाला ६००० फेरे धरले तर सेकंदाला १०० होतात. हे घुमणं झाकायला इंजिन नाही, त्यामुळे सगळं थेट कानावर.

आतली रचना मोठी गमतीची आहे. दोन जिलब्या एकमेकींत अडकवाव्यात तशी दोन धातूची वेटोळी. एक स्थिर, दुसरं स्वतःभोवती न फिरता नुसतं घोळत राहतं, आणि मधल्या फटीतला गॅस दाबत दाबत केंद्राकडे ढकलतं. लिऑन क्रू नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने याचं अमेरिकन पेटंट १९०५ साली घेतलं, पण इतकी अचूक कातणी जमेपर्यंत पाऊणशे वर्षं गेली. जुन्या पिस्टनवाल्या कॉम्प्रेसरपेक्षा हा पुष्कळ शांत. तेव्हा तुमच्या गाडीचा कॉम्प्रेसर चढत्या सुरात गुणगुणत असेल, तर तो गरजेप्रमाणे वेग वाढवतोय, बिघडलेला नाही. नानांचा सरकता षड्ज इथपर्यंत निर्दोष होता.

मग सकाळी दहाला गप्प आणि दुपारी अडीचला घुर्रर्र, असं का? गॅसचा दाब. गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, गॅसचं पुन्हा द्रव व्हायचं तर तो बाहेरच्या हवेपेक्षा बराच गरम असावा लागतो, नाहीतर उष्णता बाहेर जाणार कशी? गाडीत आर-१३४ए गॅस असेल आणि सकाळी बाहेर ३० अंश असतील, तर तो साधारण ४५ अंशांना द्रव होतो आणि त्यासाठी सुमारे साडेअकरा बार दाब लागतो. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांच्या, दुपारी ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या पुढे जातो, डांबराजवळची हवा त्याहून तापलेली. तेव्हा गॅसला ६० अंशांपर्यंत जावं लागतं आणि दाब जातो १७ बारच्या आसपास. तीच गाडी, तोच गॅस, पण कॉम्प्रेसरवरचा बोजा जवळपास दीडपट. समोरचा पंखाही पूर्ण वेगाने. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला आठपट वीज लागते आणि आवाज १५ डेसिबलच्या आसपास वाढतो. सकाळच्या तपासणीत यातलं काहीच दिसणार नाही. ॲडव्हायझर खोटं बोलत नव्हता, तो फक्त चुकीच्या वेळी ऐकत होता.

दुपारची चाचणी

यासाठी हत्यार लागत नाही. दुपारी दोन ते चारच्या मध्ये, गाडी उन्हात तासभर उभी राहिल्यावर करायची. काचा बंद, गाणी बंद, फोनचं रेकॉर्डिंग चालू, आणि त्यात डॅशबोर्डवर दिसणारं बाहेरचं तापमान एकदा टिपून घ्यायचं. नंतर वाद घालताना हा आकडा कामी येतो.

गाडी 'रेडी'त घ्या, पण एसी आणि ब्लोअर दोन्ही पूर्ण बंद ठेवा. तरीही पुढून घरघर येत असेल तर ती तुमच्यासाठी नाहीच, गाडी बॅटरी थंड करतेय. मग एसीचं बटण न दाबता फक्त ब्लोअर चालवा, एकापासून शेवटच्या नंबरापर्यंत. इथे डॅशबोर्डमागून खडखड, फडफड किंवा घोंघावणं आलं तर चोर ब्लोअर किंवा फिल्टर. त्यानंतर ब्लोअर एकवर आणून एसी लावा, तापमान सर्वांत खाली. आता जे नव्याने सुरू होईल ते कॉम्प्रेसरचं आणि पुढच्या पंख्याचं. मिनिटभराने तापमान २७-२८ करा. कॉम्प्रेसर धड असेल तर सूर हळूहळू उतरतो. उतरलाच नाही, किंवा कुठल्याही वेगात धातू घासल्यासारखी खर्रखर्र तशीच राहिली, तर गाडी लवकर दाखवा. शेवटी एक चक्कर मारून या. आवाज गाडीच्या वेगाबरोबर बदलत असेल तर तो एसीचा नाहीच, टायर किंवा बेअरिंगचा. काही इलेक्ट्रिक गाड्या तर कमी वेगात पादचाऱ्यांना कळावं म्हणून मुद्दाम स्पीकरमधून गुणगुणतात. आमच्या शेजारच्या काकांनी त्यावर दोन महिने काढले.

पहिला उन्हाळा: निंबाचं पान

आमची गाडी वाड्याबाहेर निंबाखाली उभी असते. ग्वाल्हेरच्या उन्हात सावली मिळाली की माणूस तिची किंमत विचारत नाही. ती किंमत एप्रिलमध्ये कळली. ब्लोअर तीनवर नेला की डॅशबोर्डमागून टर्रर्र, जसं सायकलच्या आऱ्यांत पोरं पुठ्ठा अडकवतात तसं. विंडशील्डच्या खालच्या जाळीतून सुकलेली पानं आत पडली होती आणि एक काडी ब्लोअरच्या चाकात जाऊन बसली होती.

केबिन फिल्टर काढला तर तो फिल्टर म्हणून ओळखू येईना. बहुतेक गाड्यांत हा डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, दोन क्लिपा सोडल्या की हातात येतो. आमचा मातकट नमद्यासारखा झाला होता. फिल्टर चोंदला की हवा कमी येते, आपण ब्लोअर वाढवतो, आवाज दुप्पट आणि गारवा निम्मा. पुस्तिकेत बदलण्याची जी मुदत दिलेली असते ती इकडच्या धुळीला पुरत नाही. मी आता आँधीचा मोसम सुरू व्हायच्या आधी एक आणि पावसाळा संपल्यावर एक, असे दोन बदलते. पाण्याने धुऊन परत घालू नका. कागदी फिल्टर धुतला की वाळताना वाकतो, आणि बाजूच्या फटीतून धूळ सरळ कूलिंग कॉइलवर.

फिल्टरच्या जागी उंदराने कापसाचं घर केलेलं सापडलं तर नवल मानू नका. दौलतगंजात राहणाऱ्या माझ्या नणंदेच्या गाडीत ते सापडलंय.

दुसरा उन्हाळा: धूळ आणि अंदाजाने भरलेला गॅस

हा उन्हाळा सगळ्यांत महाग पडला, आणि त्यात माझीही चूक होती.

लक्षणं अशी: गारवा कमी, पुढचा पंखा सतत पूर्ण वेगात, आणि कॉम्प्रेसर कण्हतोय. खरं कारण साधं होतं. कंडेन्सरच्या जाळीत धूळ, किडे, निंबाचा फुलोरा आणि एका पॉलिथीनच्या पिशवीचा तुकडा. कंडेन्सरच्या मागेच रेडिएटर असतो, त्या दोघांच्या मधल्या फटीत मातीचा थर बसला होता. हवा जाईना, उष्णता निघेना, दाब चढत जाणार. एवढं समजायला एक टॉर्च पुरली असती.

मी ते न बघता रस्त्यावरच्या एका एसीवाल्याकडे गेले. त्याने सांगितलं, गॅस कमी आहे. गेज लावला, अंदाजाने गॅस सोडला, पैसे घेतले. परतताना आवाज आणखी वाढलेला. गॅस गरजेपेक्षा जास्त झाला की दाब आणखी चढतो, म्हणजे आजारी माणसाच्या डोक्यावर अजून एक पोतं. किती गॅस हवा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. तो भरायची रीत एकच: यंत्राने जुना सगळा काढायचा, व्हॅक्यूम करायचा, मग वजनाने नवा भरायचा. 'टॉपअप' हा शब्द ऐकला की मी आता गाडीची किल्ली उचलते.

गॅस खरंच कमी असेल तर आवाज वेगळा येतो. डॅशबोर्डच्या आतून सतत सूंऽऽ अशी शिटी, कारण दाब उतरवणाऱ्या बारीक झडपेतून, म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून, निव्वळ द्रव जायच्याऐवजी बुडबुड्यांसकट गॅस जातो. एसी बंद केल्यावर काही क्षण फुस्स ऐकू आलं तर ते मात्र दाब समान होण्याचं, निरुपद्रवी.

आता तेलाबद्दल, कारण हे रस्त्यावर कुणी सांगत नाही. कॉम्प्रेसरला लागणारं तेल गॅसबरोबरच फिरतं. पट्ट्याच्या कॉम्प्रेसरला बहुधा पीएजी जातीचं तेल चालतं. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरमध्ये मोटरची वाइंडिंगच त्या गॅस-तेलात भिजलेली असते, म्हणून वीज न वाहू देणारं तेल लागतं, साधारणपणे पीओई जातीचं. चुकून पीएजी गेलं, अगदी गळती शोधायच्या रंगातून थोडंसं गेलं तरी, इन्सुलेशन उतरतं. गाडीतली सुरक्षा यंत्रणा ते ओळखते, पडद्यावर इशारा येतो आणि काही गाड्या चालू व्हायलाच नकार देतात. मग नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही, पाइप आणि कॉइलमध्ये पसरलेलं तेलही काढावं लागतं. माझ्या नशिबाने त्या माणसाने तेल घातलं नव्हतं. मी त्याला तीनदा विचारून खात्री केली, तो वैतागला.

कंडेन्सर घरी धुता येतो. गाडी बंद, थंड, चार्जर काढलेला, आणि बागेच्या पाइपची साधी धार. गाड्या धुणारे प्रेशर गन मारतात ती इथे नको, पत्र्याच्या नाजूक पात्या आडव्या पडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. पंख्यात बोटं घालू नका, इलेक्ट्रिक गाडीचा पंखा गाडी बंद असतानाही स्वतःहून सुरू होऊ शकतो. आणि नारिंगी रंगाच्या, हाय व्होल्टेजच्या केबलला हात नाही म्हणजे नाही. काही गाड्यांत जाळीमागे उघडझाप करणाऱ्या पट्ट्या असतात. त्या मातीने बंदच अडकल्या तरी हीच सगळी लक्षणं दिसतात.

चार्जरवरचा राक्षस

आग्र्याच्या रस्त्यावर मुरैना ओलांडल्यावर एका ढाब्याजवळ फास्ट चार्जर आहे. मागच्या जूनमध्ये तिथे गाडी लावली, आम्ही आत लस्सी प्यायला बसलो, आणि बाहेरून एक मुलगा धावत आला, "आंटी, गाड़ी चिल्ला रही है!" एसी बंद, गाडीत कुणी नाही, आणि पुढून ट्रकसारखी घरघर.

हे पूर्णपणे ठीक होतं. लिथियम बॅटरीला आपल्यासारखंच १५ ते ३५ अंशांत बरं वाटतं. फास्ट चार्जिंगमध्ये करंट दुप्पट झाला की आतली उष्णता चौपट होते, वर बाहेर लू. ज्या गाड्यांत बॅटरी पाण्याने थंड होते त्यांत एसीचाच गॅस एका छोट्या चिलरमधून ते पाणी गार करतो. म्हणजे कॉम्प्रेसर एकच, गिऱ्हाइकं दोन. चार्ज करताना तुम्ही आत एसी लावून बसलात तर दोघांचं एकदम मागणं. ७० किलोमीटर हायवेवर हाणून लगेच चार्जरला लावण्यापेक्षा दहा मिनिटं सावलीत थांबा आणि मग लावा, आवाजात फरक कळतो.

पडद्यावर इशारा नसेल, चार्जिंगचा वेग नेहमीसारखा असेल आणि बॅटरी थंड झाल्यावर आवाज उतरत असेल, तर लस्सी संपवा. चार्जिंगचा वेगच निम्म्यावर येत असेल तर मात्र कंडेन्सर आणि कूलंट बघायची वेळ झालीय. कूलंटच्या टाकीत पातळी कमी असली की डॅशबोर्डमागे किंवा सीटखाली पोटात गुडगुड व्हावं तसा आवाज येतो, पाइपात हवा शिरलेली असते. त्यात नळाचं पाणी ओतू नका. तिघरा धरणाचं पाणी प्यायला कितीही गोड असलं तरी त्यातले क्षार तिथे नकोत. कंपनीने सांगितलेलं कूलंटच घाला आणि हवा काढायचं काम त्यांच्याकडून करून घ्या.

किरकोळ दोन आवाज इथेच उरकते. गाडी चालू करताना किंवा तापमान बदलताना डॅशबोर्डमागे दहा-पंधरा सेकंद टकटक झाली तर आतली हवेची झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा प्लास्टिकचा दात गेलाय, स्वस्तातलं काम. आणि वळणावर डॅशबोर्डखाली पाणी डचमळलं तर एसीच्या पाण्याची नळी चोंदलीय. मात्र मे महिन्यात गाडीखाली पाणी ठिबकत नाही म्हणून कुणी घाबरू नये. लूमध्ये हवेत ओलावा नसतोच, म्हणून तर खसचा कूलर मेमध्ये स्वर्ग दाखवतो आणि जुलैत नुसता घाम. जुलैत ठिबकलं नाही तर नळी बघा.

तिसरा उन्हाळा: तंबोऱ्याचा भोपळा

आता पुन्हा त्या गिरणीकडे. फिल्टर नवा, कंडेन्सर स्वच्छ, गॅस वजनाने भरलेला. तरी आवाज. मी दुपारची चाचणी केली आणि नानांना मागे न बसवता पुढे बसवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या फेरीला म्हणाले, "वर चढतो ते सोड. चढताना मधे एका जागी पायाखालची जमीन बोलते. त्याच्या खाली नाही, वर नाही. तिथे भोपळा घुमतोय."

तंबोऱ्याची तार छेडली की भोपळा तिला साथ देतो, कारण दोघांचं जुळतं. कॉम्प्रेसर गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशांवर टांगलेला असतो, त्याची थरथर आत पोहोचू नये म्हणून. रबर तापून कडक झालं, किंवा एसीचा ॲल्युमिनियम पाइप कुठे पत्र्याला टेकला, की ठरावीक वेगाला अख्खी फरशी भोपळा होते. फक्त त्याच वेगाला. सकाळी कॉम्प्रेसर त्या वेगापर्यंत चढतच नाही, म्हणून सकाळी काही ऐकू येणार नाही.

यावेळी मी सर्व्हिस सेंटरला फोन करून सांगितलं, गाडी सकाळी आणणार नाही, दुपारी दोनला आणेन, आणि तुमच्या शेडमध्ये नको, बाहेर उन्हात बघायची. ॲडव्हायझरला पुढच्या सीटवर बसवलं, चपला काढून पाय फरशीवर टेकवायला लावले. त्याला ते जरा विचित्र वाटलं. तापमान खाली नेलं, सूर चढला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

'एसीचा आवाज येतो' अशी तक्रार लिहून देऊ नका, त्यातून काही निघत नाही. आमच्या जॉब कार्डावर या वेळी असं लिहिलं गेलं: बाहेर ४४ अंश, गाडी उभी, ब्लोअर एक, तापमान सर्वांत कमी, एसी लावल्यावर ४० सेकंदांनी चालकाच्या पायाखाली कंप, तापमान २६ केल्यावर बंद. मेकॅनिकने गाडी वर उचलली, कॉम्प्रेसरचे तीन बुश पाहिले. एक दगडासारखा झालेला, आणि एका पाइपची क्लिप सुटून तो सांगाड्याच्या आडव्या दांड्याला टेकलेला, तिथला रंग घासून चकाकत होता. वॉरंटीत बदलून मिळालं, दीड तासात.

आवाज वाढूच नये म्हणून आमच्या घरात जे चालतं तेही सांगते. निघायच्या दहा मिनिटं आधी, गाडी चार्जरला लावलेली असतानाच ॲपवरून एसी सुरू करायचा, म्हणजे सुरुवातीची झुंज घरच्या विजेवर होते. तसं जमलं नाही तर पहिलं मिनिटभर चारी काचा उघड्या ठेवून चालवायची, भट्टीची हवा बाहेर जाऊ द्यायची, मग काचा बंद आणि आतलीच हवा फिरवायचं बटण. तापमान 'लो'वर नाही, २४-२५. 'लो'वर ठेवलं की गाडी लवकर गार होते असा माझ्या नवऱ्याचा ठाम समज आहे, आणि तो चालवतो तेव्हा कॉम्प्रेसर तासभर ओरडत राहतो.

नाना आता पुढच्याच सीटवर बसतात. परवा पडावच्या पुलावर एसी चढायला लागला तेव्हा म्हणाले, "आज भोपळा नाही, नुसती तार आहे," आणि खिडकीबाहेर किल्ल्याकडे बघायला लागले.